अकरावीसाठी जागतिक साहित्य आणि लेखन: वर्षभराचा अभ्यासक्रम कसा आखायचा

सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवा आणि लाल पेन घ्या. पुस्तकांची यादी नंतर. मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन फेऱ्यांनी होतात, त्यामुळे पावसाळा निम्मा सरला तरी वर्गात नवी मुलं येत असतात. त्यानंतर दहीहंडी, गणपती, घटक चाचणी, नवरात्र, सहामाही, दिवाळी. डिसेंबरात कॉलेजचा महोत्सव. जानेवारीअखेर बारावीच्या प्रॅक्टिकल्ससाठी खोल्या जातात आणि फेब्रुवारीत कॉलेजच बोर्डाचं केंद्र होतं. रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडतात ते दोनतीन दिवस वेगळेच. हे सगळं लाल पेनाने खोडलं की माझ्याकडे २२ आठवडे उरतात. आठवड्याला एक जोडतास, ८० मिनिटांचा. हिशेब केला तर जेमतेम २९ तास.

हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मी तो काढला नव्हता. यादीत १८ पुस्तकं घातली, त्यांत दोन जाडजूड कादंबऱ्या. नोव्हेंबरपर्यंत मी एकटीच बोलत होते आणि मुलं सारांश उतरवून घेत होती. दुसऱ्या वर्षी १८ची ९ झाली आणि त्यांतही फक्त एकच पुस्तक पूर्ण लांबीचं ठेवलं.

हा जादा अभ्यासक्रम आहे, बोर्डाच्या अभ्यासाबाहेरचा, म्हणून इयत्ता अकरावीच निवडा. बारावीत बोर्ड असतं, सीईटी, जेईई, नीट असते, आणि मुलांच्या डोक्यात तेवढंच असतं. अकरावीत तिन्ही शाखांतली मुलं येतात. माझ्या वर्गात कॉमर्सची सर्वांत जास्त असतात. संख्या ३५च्या वर जाऊ देऊ नका, कारण खाली तपासणीचा हिशेब आहे.

भाषा मराठीच

जागतिक साहित्य म्हटलं की आपल्या मुलांना वाटतं, हे इंग्रजी माध्यमवाल्यांचं. मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर बसतो आणि विचारतो, "मॅडम, पुस्तकं इंग्लिशमध्ये आहेत का?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सगळ्या आखणीचा पाया आहे. रशियन चेकॉव इंग्रजीत लिहीत नव्हता, चिनी लू शुन नव्हता, जपानी बाशो नव्हता. इंग्रजी वाचणाराही त्यांना भाषांतरातूनच वाचतो. मग आपण मराठीतून का वाचू नये? वाचन, चर्चा, लेखन सगळं मराठीत ठेवा. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी प्रत शेजारी ठेवू द्या. त्या मुलांचा उपयोग वर्गाला फार होतो, कारण दोन भाषांतरं समोरासमोर आली की खरा अभ्यास सुरू होतो.

आणि आपल्याकडे हे काम दीडशे वर्षं चालू आहे, तेही मुलांना सांगा. आगरकरांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट 'विकारविलसित' म्हणून १८८३ मध्ये आणलं. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' १८९० मध्ये केला. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' भाषांतरित केलं, आणि त्याच लिअरची सावली शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'वर आहे. भाषांतर, रूपांतर आणि आधार घेऊन केलेली नवी निर्मिती या तीन गोष्टींतला फरक फळ्यावर एकदा नीट समजावा. पुढे वर्षभर तो कामाला येतो.

काय वाचायचं: एकच कसोटी

प्रत्येक निवडीसमोर मी एकच प्रश्न लिहिते: हे वाचून मूल त्याच आठवड्यात काय लिहील? उत्तर सुचलं नाही, तर ती कलाकृती कितीही थोर असो, माझ्या २९ तासांत ती येत नाही. टॉल्स्टॉयच्या महाकादंबऱ्या याच कसोटीवर बाजूला गेल्या आणि त्यांच्या जागी त्याची माणसाला किती जमीन लागते ही १८८६ची गोष्ट आली. पाखोम नावाच्या शेतकऱ्याला बश्कीर लोक सांगतात, हजार रूबल दे, सूर्य मावळायच्या आत चालून येशील तेवढी जमीन तुझी. मोठ्याने वाचायला पाऊण तास पुरतो. शेवटी त्याला लागते फक्त त्याच्या लांबीएवढी जागा. आमची मुलं घराचा आकार चौरस फुटांत सांगतात, तेही कार्पेट की बिल्टअप हे विचारून. त्या आठवड्याचं लेखन तयारच असतं: तुमच्या घरातली तुमची स्वतःची जागा मोजा आणि तिचं वर्णन करा. एका मुलाने पोटमाळ्यावरची दोन बाय सहाची फळी लिहिली होती. तिथे तो झोपतो, अभ्यास करतो, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा आवाज नाकापासून हातभर अंतरावर ऐकतो.

माझा क्रम असा आहे. पावसाळ्यात छोट्या आणि सुट्या गोष्टी, म्हणजे उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलाचं काही हुकत नाही: बाशोचा हायकू (तीन ओळींची जपानी कविता), महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीतल्या काही गाथा, चेकॉवची 'वांका', टॉल्स्टॉयची जमीन. गणपतीनंतर जरा खोल पाण्यात: लू शुनची जुन्या घराची कथा, उर्दू लेखक मंटोची 'टोबा टेक सिंग', नायजेरियाच्या अचेबेची मेलेल्या माणसांच्या वाटेची कथा. दिवाळीच्या सुट्टीत एकुलतं एक पूर्ण पुस्तक, 'एका कोळियाने'. नोव्हेंबर-डिसेंबरात नाटक. जानेवारीत कविता आणि लेखनसंचाचं, म्हणजे मुलांनी निवडलेल्या स्वतःच्या लेखनाच्या संचाचं, काम.

गाथासप्तशती जागतिक साहित्यात कशाला, असं विचारलं जातं. आपणही जगातच राहतो, म्हणून. हजारेक वर्षांहून जुन्या त्या दोन-दोन ओळींत गावातली सून, सासू, पाऊस, शेत इतक्या थोडक्यात येतं की बाशोशेजारी त्या अगदी शोभून दिसतात. गाथा आधी स्वतः वाचून निवडा. बऱ्याच शृंगारिक आहेत.

मंटोबद्दल एक सांगायचं राहतं. तो १९४८च्या जानेवारीत इथून पाकिस्तानात गेला, त्याआधी याच मुंबईत सिनेमासाठी लिहीत होता. मुलांना हे कळलं की 'टोबा टेक सिंग' परक्या देशातल्या माणसाने लिहिलेली राहत नाही.

भाषांतराचा तास

माझ्या मते अभ्यासक्रमाचं मध्यवर्ती काम हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सुरुवात बाशोच्या बेडकाने करा. मूळ जपानी उच्चार फळ्यावर देवनागरीत लिहा: फुरुइके या, कावाझु तोबिकोमु, मिझु नो ओतो. मुलांना बोटांवर मोजायला लावा, पाच, सात, पाच. मग शब्दाला शब्द सांगा: जुनं तळं, बेडूक आत उडी मारणं, पाण्याचा आवाज. आता म्हणा, मराठीत लिहा. पाच मिनिटांत प्रश्न येतो: बेडूक एक की अनेक? जपानी नामावरून ते कळत नाही. बहुतेक भाषांतरकारांनी एक मानला, लाफ्काडिओ हर्नने इंग्रजीत अनेक मानले. मराठीत गंमत अशी की 'बेडूक' एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच, पण क्रियापद लावलं की गुपित फुटतं. मारतो की मारतात?

गेल्या वर्षी एका मुलाने क्रियापदच काढून टाकलं: "जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज." दुसरी म्हणाली, "बेडकाची म्हणजे एकच झाला की." तेव्हा तिसऱ्याने 'बेडूकउडी' सुचवलं. वचनाचा प्रश्न सुटला, पण त्या शब्दाबरोबर पीटीचा तास आला, गुडघे वाकवून मारलेल्या उड्या आल्या. मग कुणी 'डुबुक' घातलं. शब्द गोड आहे, आपल्या भाषेची ती श्रीमंतीच आहे, पण बाशोने आवाज काढून दाखवलेला नाही, फक्त 'पाण्याचा आवाज' म्हटलं आहे. ऐकायचं काम त्याने वाचकावर सोपवलं. वर्गाचे दोन तट पडले आणि घंटा झाली तरी मुलं उठेनात. जाता जाता सांगा की शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला, रुजवला. त्यांचे हायकू पुढच्या तासाला मुलांनीच शोधून आणावेत.

दुसरा नमुना लू शुनचा. १९२१ची कथा. निवेदक वीस वर्षांनी गावच्या घरी येतो, घर विकून सामान हलवायला. लहानपणीचा सवंगडी रुन्तू भेटायला येतो. एके काळी दोघं एकत्र खेळलेले. आता रुन्तूचे हात खरखरीत, चेहऱ्यावर सुरकुत्या. तो क्षणभर थांबतो आणि मित्राला मालकाला मारावी तशी हाक मारतो. सगळी कथा त्या एका हाकेवर उभी आहे. मराठीत तिथे कोणता शब्द? मुलं सुचवतात: साहेब, मालक, सरकार, शेठ. 'साहेब'ला ऑफिसचा वास येतो, 'शेठ'ला दुकानाचा. राजापूरकडची एक मुलगी म्हणाली, "आमच्या गावी आजोबा एका घराला अजून 'धनी' म्हणतात, आणि त्या घरातला माणूस आजोबांहून लहान आहे." वर्ग शांत झाला. आम्ही 'धनी' ठेवला. मग लक्षात आलं की हाकेबरोबर सर्वनामही बदलायला हवं. लहानपणी 'तू' होता, आता 'आपण'. इंग्रजी प्रतीत 'यू' दोन्हीकडे सारखंच. मराठीत 'तू'चा 'आपण' होताना मैत्री तुटलेली ऐकू येते.

याच परिच्छेदावर फोनमधल्या यंत्राचं भाषांतरही काढायला लावा. ते फळ्यावर मांडा आणि मुलांना लाल पेनाने दुरुस्त करू द्या. यंत्र वापरू नका असं बजावण्यापेक्षा त्याला कुठे कळत नाही हे मुलांनी स्वतः पकडलेलं बरं.

तिसरं काम सगळ्या वर्गाने मिळून करायचं. चिनुआ अचेबेची ती कथा १९५३ची, आणि मूळच इंग्रजीत असल्याने मुलं थेट मराठीत आणू शकतात. नवा, उत्साही हेडमास्तर शाळेच्या आवारातून जाणारी गावाची जुनी पायवाट काटेरी कुंपणाने बंद करतो. त्या वाटेने गावाचे पूर्वज ये-जा करतात अशी गावाची श्रद्धा. म्हातारा पुजारी त्याला एक म्हण सांगतो: ससाणाही बसू दे, गरुडही बसू दे. एका गटाने तिथे 'जगा आणि जगू द्या' लिहिलं. अर्थ बरोबर, पण दोन्ही पक्षी उडून गेले. मी पक्ष्यांच्या बाजूची आहे. परकी म्हण थोडी परकी राहिली तरी चालते, वाचक तिच्याजवळ जातो. कथा परिच्छेदांत वाटून द्या, गटागटांत भाषांतर होऊ द्या, आणि शेवटी दोन मुलांना संपादक नेमून 'हेडमास्तर की मुख्याध्यापक' असले तिढे सोडवायला लावा. लेखनाचा विषय मुंबईत शोधावा लागत नाही: सोसायटीने गेट लावून बंद केलेली वाट. प्रत्येकाच्या स्टेशनच्या रस्त्यावर एक तरी असते.

८० मिनिटं कशी वापरायची

आल्याबरोबर दहा मिनिटं वही. विषय फळ्यावर, कुणाशी बोलायचं नाही, पेन उचलायचं नाही. मग अर्धा तास मोठ्याने वाचन. सुरुवातीला तुम्ही वाचा, ऑगस्टपासून मुलं वाचतील. वाचनाआधी लेखकाचा परिचय देऊ नका, जन्मसाल फळ्यावर लिहू नका. मुलं लगेच उतरवायला लागतात आणि गोष्ट ऐकणं राहून जातं. परिचय नंतर, गृहपाठ म्हणून: मराठी विश्वकोशातली नोंद वाचून त्यातल्या तीन गोष्टी आणायच्या. विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यातलं मराठी भरवशाचं आहे. पंधरा मिनिटं चर्चा, उरलेला सगळा वेळ लेखन. चर्चा रंगली तरी लेखनाची मिनिटं तोडू नका, असं मी स्वतःला दर आठवड्याला बजावते.

'वांका'चा तास कसा होतो ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. १८८६ची कथा. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत चांभाराकडे कामाला ठेवलेला. नाताळच्या रात्री सगळे चर्चला गेले आहेत आणि तो लपून आजोबांना पत्र लिहितो. मालक मारतो. मालकिणीने मासा साफ करायला दिला, तो शेपटीकडून सुरू केला, तर तिने तोच मासा घेऊन त्याचं तोंड माझ्या तोंडावर घासलं. मला घेऊन जा. शेवटी पाकिटावर पत्ता लिहितो: गावी, आजोबांना. इथे वाचताना थांबायचं. काहीही बोलायचं नाही. मुलांपैकी कुणी तरी हळूच म्हणतं, "पोचणार नाही ना." मग लेखन: न पोचणारं एक पत्र लिहा. पत्र कुणाचं, हे तुम्ही ठरवा. आमच्याकडे चहाच्या टपरीवरच्या पोऱ्याची पत्रं आली, धुणंभांड्याच्या ताईंची आली, गिरणी बंद पडल्यावर गावी परत गेलेल्या आजोबांना नातवाने लिहिलेलं आलं. चेकॉवने दया करा असं कुठेही म्हटलेलं नाही, मासा दाखवला आहे. मुलांनाही तेवढंच सांगा: तुमच्या पत्रातला मासा कोणता?

खर्डा आणि पुन्हा खर्डा

दहा वर्षं निबंध लिहून आलेली मुलं आहेत ही. अपेक्षित प्रश्नसंचांतली वाक्यं त्यांच्या हातात बसलेली असतात. त्यांची चूक नाही, त्यांना त्यावरच गुण मिळत आले. एका मुलाने पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं: "मुंबईचे जीवन अत्यंत धकाधकीचे आहे. इथे माणूस माणसाला ओळखत नाही." मी शेजारी एवढंच लिहिलं: कुठे पाहिलंस? तिसऱ्या खर्ड्यात ते असं झालं: "बदलापूर फास्टमध्ये घाटकोपर आलं की बाबा उठतात आणि समोरच्या काकांना बसायला देतात. सहा वर्षं झाली. बाबांना त्यांचं नाव माहीत नाही." पहिल्या दोन वाक्यांत म्हटलेलं सगळं यात आहे, आणि त्याला उलटं उत्तरही यातच आहे.

पहिला खर्डा वर्गातच, हाताने. याने गाईडचा, फोनचा आणि मोठ्या बहिणीच्या मदतीचा प्रश्न एकदम मिटतो. दुसरा खर्डा घरी. त्यानंतर चौघांच्या गटात वाचन. ऐकणाऱ्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या: कोणतं वाक्य लक्षात राहिलं आणि कुठे वाट चुकली. 'छान लिहिलंय' म्हणायला बंदी. तिसरा खर्डा पाहिजे तर. सगळ्याच लेखनाचा तिसरा खर्डा नको, वर्षभरात चार लेखनं तिथवर गेली तरी भरपूर.

तपासणीचा हिशेब आधीच करा, नाहीतर दिवाळीपर्यंत तुम्ही थकाल आणि वह्यांवर नुसती बरोबरची खूण करायला लागाल. ३५ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे आठवड्याला जवळजवळ सहा तास. ते कुणाला जमत नाही. मी सगळी पानं वाचते, पण लेखी शेरा बाराच मुलांना देते, पाळीपाळीने. दोन तासांत होतं. प्रत्येकाची पाळी दर तीन आठवड्यांनी येते. शेऱ्यात एकच मुद्दा लिहा. ऱ्हस्वदीर्घाच्या सगळ्या चुकांवर लाल गोल केलेत तर पुढचा खर्डा घाबरून लिहिलेला येतो. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यावर, मुलाला शेजारी बसवून.

दुमडलेलं पान

मुलं स्वतःच्या घरचं लिहायला लागली की जबाबदारी वाढते. माझ्याकडे नियम आहे: वहीतलं पान उभं दुमडलेलं असेल तर मी ते वाचत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा आणि शब्द पाळा. त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगा की न दुमडलेल्या पानावर कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मी गप्प बसणार नाही, समुपदेशकांशी बोलेन. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावा, सगळ्यांनाच, म्हणजे कुणी एकटं पडत नाही.

जातीचा विषय जानेवारीत कवितेबरोबर थेट येतो. अमेरिकी कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजची, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीवरची १९५१ची अकरा ओळींची कविता मी आधी घेते. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचं काय होतं, असा तिचा प्रश्न. 'लांबणीवर पडलेलं' म्हणावं की 'पुढे ढकललेलं', यावर वर्ग अडला होता. तेव्हा लालबागच्या एका मुलाने 'रखडलेलं' हा शब्द दिला. त्याच्या बिल्डिंगचा पुनर्विकास रखडला होता आणि घरचे चार वर्षं भाड्याने राहत होते. त्या शब्दाला जुन्या चाळींतल्या घराघरात जे वजन आहे ते मला शब्दकोशात सापडलं नसतं.

ह्यूजनंतर नामदेव ढसाळ. त्याचा कवितासंग्रह 'गोलपिठा' १९७२चा, कामाठीपुऱ्याच्या जगातला, आणि त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. हार्लेम आणि कामाठीपुरा असे शेजारी येतात. कविता आधी घरी मोठ्याने वाचून बघा. भाषा धगधगती आहे. तुम्ही अडखळलात तर वर्गात ती अश्लील वाटेल. ठामपणे वाचलीत तर मुलं ऐकतात. आणि एक कळकळीची विनंती: वर्गातल्या कोणत्याही मुलाला 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका. कुणाला बोलायचं असेल तर ते मूल आपण होऊन बोलेल, नाहीतर वहीत लिहील, नाहीतर पान दुमडेल.

दिवाळी आणि नाटक

'एका कोळियाने' हे पुलंनी केलेलं हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचं भाषांतर. मूळ १९५२चं. पुस्तक पातळ आहे, सुट्टीत होतं. शीर्षकात शाळेतल्या जुन्या कवितेची ओळ आहे, तिथला कोळी जाळं विणणारा किडा, इथला समुद्रावरचा माणूस. वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मुलीने सुट्टीनंतर विचारलं, "पण हा तर गळाने मासा धरतो. जाळं कुठे आहे?" तिने ते पुस्तक वडिलांना वाचून दाखवलं होतं. सुट्टीतलं लेखन: घरातल्या एका माणसाच्या हातचं काम पाऊल न पाऊल लिहा, एकही विशेषण न वापरता.

नाटकाला तीन आठवडे. शॉचं 'पिग्मॅलियन' (१९१३) आणि पुलंची 'ती फुलराणी' (१९७५) यांचा एकेक प्रवेश समोरासमोर ठेवा. लंडनच्या फूलवालीची बोली मराठीत कशी आणली ते पाहा आणि मुलांना तेच दहा संवाद मालवणीत, आगरीत, नालासोपाऱ्याच्या ट्रेनमधल्या मिश्र भाषेत लिहू द्या. इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चा (१८७९) शेवटचा प्रवेश ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'मधल्या (१८८२) दोन पानांशेजारी वाचा. तीन वर्षांचं अंतर, नॉर्वे आणि बुलढाणा. सध्याच्या युवकभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकांत अकरावीला नाटक आणि बारावीला कथा हे साहित्यप्रकार आहेत. प्राचार्यांना एकपानी पत्र लिहाल त्यात हे जरूर मांडा. जादा अभ्यासक्रम बोर्डाच्या अभ्यासाला हात देतो हे दिसलं की जोडतास मिळायला सोपं जातं.

कागद, गुण आणि शनिवारची भटकंती

वर्षभराचं वाचन माझ्याकडे १२० पानांत बसतं, पाठपोट झेरॉक्स केलं की ६० कागद. आपल्या कायद्यात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. चेकॉव, टॉल्स्टॉय, लू शुन मोकळे आहेत, पण त्यांच्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो हे विसरू नका. शिकवण्यापुरत्या प्रती काढायला कायदा मुभा देतो, पण पूर्ण पुस्तक झेरॉक्स करू नका. 'एका कोळियाने'च्या दहा प्रती ग्रंथपालांना मागवायला सांगा आणि फिरवा.

गुण मी १०० ठेवते: वही २०, भाषांतर २०, लेखनसंच ४०, तोंडी २०. वहीचे गुण लिहिल्याबद्दल, चांगलं लिहिल्याबद्दल नाहीत. लेखनसंचात मुलाने स्वतः निवडलेली चार लेखनं, प्रत्येकाचे सगळे खर्डे जोडून. गुण देताना मी पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यातलं अंतर पाहते.

एक शनिवार दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९८ सालची संस्था. मुलांना भाषांतरित पुस्तकांच्या कपाटासमोर अर्धा तास नुसतं उभं राहू द्या. एक शनिवार काळा घोड्याला, डेव्हिड ससून लायब्ररीच्या समोरच्या चौकात. अरुण कोलटकरांनी त्या चौकावर इंग्रजीत कविता लिहिल्या आणि हा कवी मराठीतही तितकाच मोठा. तिथे पाऊण तास बसून समोर दिसेल ते लिहायचं. येताना फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, प्रत्येकाने एक विकत घ्यायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लेखनसंच बंद करा. प्रत्येकाचं एकच लेखन घेऊन साधी पुस्तिका काढा, स्टेपल केलेली चालते. टाइप करायचं काम मुलांकडे द्या, मुद्रितं दोघांनी तपासायची. छपाईच्या दुकानाला दहा दिवस आधी सांगून ठेवा, जानेवारीत तिथे लग्नपत्रिकांची गर्दी असते. वाचनाचा शेवटचा तास बारावीच्या प्रॅक्टिकल्स सुरू व्हायच्या आत घ्या, पालकांना बोलवा, माइक नको, वर्गच बरा. पुस्तिकेची एक प्रत ग्रंथपालांकडे द्या आणि रजिस्टरमध्ये रीतसर नोंद करून तिला दाखलअंक घालायला सांगा. पुढच्या जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्या तासाला वाचायला तीच प्रत काढून आणा.